दोन लिटरांत लातूर

नांदेडच्या लातूर फाट्याजवळच्या पंपावर सकाळी साडेसातला मी मोटारसायकल उभी केली, तेव्हा नळी हातात घेतलेल्या माणसानं सवयीनं विचारलं, "पेट्रोल किती, काका?"

"पेट्रोल नाही. डिझेल. दोन लिटर."

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा तो गंभीर झाला. "काका, मोटारसायकल हाय ही."

"माहीत आहे. मीच घेतलीय."

"डिझेल टाकलं की इंजिन बसतं. मग लोक आमच्या नावानं बोंबलतात."

"हिच्यात पेट्रोल टाकलंस तर बसेल."

त्यानं मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर आला, त्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यामागे पिशवी धरून उभ्या असलेल्या माझ्या बायकोला, मंगलला, हळूच विचारलं, "वहिनी, साहेबांची तब्येत बरी हाय ना?"

"पंचवीस वर्षं अशीच आहे," मंगल म्हणाली. "डिझेलच टाका."

माझी मोटारसायकल डिझेलवर चालते, हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा उच्चारलं असेल तितक्यांदा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल. अशा गाड्या एके काळी निघत. काळी, बसकी, सावकाश चालणारी आणि मागून धूर सोडणारी, म्हणून आमच्या गल्लीत हिला 'म्हैस' म्हणतात. मंगलचं म्हणणं, म्हैस निदान दूध तरी देते.

मी विज्ञानाचा शिक्षक होतो. 'ऊर्जेचे स्रोत' हा धडा मी इतक्या वर्गांना शिकवला की माझ्या हातून जेवढी पोरं पुढं गेली, तेवढ्यांना 'खनिज तेल जपून वापरा' हे वाक्य पाठ आहे. हे वाक्य फळ्यावर लिहून मी धूर काढत घरी जायचो. तिचा आवाज असा की शाळेच्या कोपऱ्यावर आलो की आख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. त्यामुळे नोकरीत मला एकाही पोराला कॉपी करताना पकडता आलं नाही. माझ्या वर्गाचा निकाल नेहमी उत्तम लागला, त्यात म्हशीचा वाटा मोठा आहे.

आता या दोन लिटरांचं कारण. मंगलचा धाकटा भाऊ दिगंबर लातूरला औसा रोडला राहतो. गेल्या वर्षी त्यानं विजेवर चालणारी स्कूटर घेतली आणि तेव्हापासून तो माझ्याशी दवाखान्यात भेटायला आल्यासारखा बोलतो. भाऊबिजेला ओवाळून घेतल्या घेतल्या म्हणाला, "दाजी, म्हशीचे कागद येळवशीपर्यंतच हायत. आता द्या तिला भंगारात. किती छळता?"

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडे सगळं गाव रानात जेवायला जातं, आणि दरवर्षी आम्ही दिगंबरच्या औशाजवळच्या रानात जातो. मी म्हणालो, "येळवशीला मी हिच्यावरच येणार. नांदेड ते लातूर, दोन लिटरांत."

"आणली तर?"

"कागद तू नवे करून द्यायचे. आरटीओ ऑफिसातल्या सगळ्या खेपा तुझ्या."

"अन् न्हाई आणली तर?"

"भंगार," माझ्या तोंडून निघून गेलं.

पंच म्हणून मंगलला नेमलं. बहीण त्याची आणि बायको माझी, तेव्हा ती दोघांचंही ऐकणार नाही याची दोघांनाही खात्री होती.

म्हैस लिटरला सत्तरच्या वर देते असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. अंतर एकशे चाळीसच्या आसपास. मोजून कधी पाहिलं नव्हतं. ज्याला मोजायची सवय असते तो बढाया मारत नाही.

आदल्या रात्रीच टाकी कोरडी केली होती. दोन लिटर पडले. मग मंगलनं पिशवीतून पांढऱ्या सुताची गुंडी काढली. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळून उरलेला दोरा तिनं जपून ठेवला होता. तो टाकीच्या झाकणावरून, टाकीखालून आडवातिडवा घेऊन तिनं सात गाठी मारल्या.

"हे काय?"

"वाटेत कुठं डिझेल घातलंत तर कळायला नको? पोचल्यावर गाठी मोजीन मी."

एवढं बोलून ती रिक्षानं बसस्टँडला गेली. पंपावरच्या माणसानं दोऱ्याला हात जोडले. मी किक मारली.

सकाळची थंडी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोटरीतली ज्वारी, मधे हरभऱ्याचे पट्टे, कुठं तुरी काढायला आलेल्या. उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा कारखान्याकडे निघालेल्या आणि त्या सगळ्या मला मागे टाकून पुढं जात होत्या. तेल वाचावं म्हणून मी चाळीसच्या वर जात नव्हतो. उतार आला की इंजिन बंद करायचो. सोनखेडच्या पुढं एका सायकलवाल्यानं मला ओलांडलं आणि ओलांडताना काळजीनं विचारलं, "ढकलू का?"

लोह्याच्या अलीकडे मागून एसटी आली. खिडकीत मंगल बसलेली दिसली. मी हात केला. तिनं मला पाहिलं, शेजारच्या बाईनं मला पाहिलं, तिनं मंगलला काही विचारलं आणि मंगलनं मान हलवली. ही मान आडवी हलली होती. नंतर तिनं कबूल केलं, "ती म्हणाली, ओळखीचे हायत का? मी म्हणाले, न्हाई बाई."

तिच्या बसकडे पाहत राहिल्यामुळे समोरचा खड्डा मला दिसला नाही. गाडी उसळली, खाली आपटली, आणि मागं काहीतरी खडखडत गेलं. वळून पाहिलं तर सायलेन्सरचं शेपूट रस्त्यावर पडलं होतं. आवाज असा फुटला की बांधावरची दोन ढोरं दावं तोडून पळाली.

तसाच गर्जत लोह्यात शिरलो. स्टँडाजवळ एक वेल्डिंगचं दुकान होतं. आतून एक पांढऱ्या दाढीचे मिस्त्री डोळ्यांवरचा काळा चष्मा वर करत आले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत होते. त्यांनी म्हशीभोवती एक फेरी मारली आणि चेहरा एकदम उजळला.

"डिझेलची! या अल्ला. सर, अजून जिंदा हाय ही?"

"आहे. शेपूट तेवढं गेलंय."

"पूरा सडलाय सायलेन्सर. नवा कुठून मिळणार? ज्या कंपनीनं बनवली ती बी हिला विसरून गेली असंल." मग त्यांनी कोपऱ्यातून पत्र्याचा एक लांबट डबा शोधून काढला. कधीकाळी त्यात पावडर होती. बूड कापून त्यांनी तो सायलेन्सरच्या तोंडावर जोडला आणि झाकण वर बिजागरीसारखं तारेनं अडकवलं. "धूर आला की उघडंल, गेला की मिटंल. पानी आत जाणार न्हाई."

काम होईपर्यंत त्यांनी मला बसवून घेतलं आणि स्वतःच्या डब्यातली तहारी (हळद नि मसाला घातलेला भात) माझ्यापुढं केली. मी नको म्हणालो. "नको काय, सर? येवढी म्हातारी गाडी चालवता, अंगात ताकद पायजे." मी खाल्ली. इतकी खाल्ली की उस्तादांच्या डब्यात लिंबाची फोड तेवढी उरली.

गाडी चालू केली, तर नवाच आवाज. ढुगढुग गेली होती. पत्र्याचं झाकण उडत होतं आणि मिटत होतं: पुक्, पुक्, पुक्, पुक्. उस्तादांनी कान टवकारले आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ मला पुढं वीस-पंचवीस किलोमीटरवर कळला.

माळाकोळी मागे पडल्यावर एका टपरीवर चहाला थांबलो. तिथं मी तेल वाचवतोय हे कळल्यावर एका गृहस्थानं सल्ला दिला, "सडकेनं कशाला जाता? आतून जावा. वाडीतून निघालं की तीन किलोमीटर वाचत्यात." शहाणा माणूस अशा वेळी सडकेनं जातो. मी आतून गेलो.

वाडीचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं हे वाचतील आणि अमुक राहिलं, तमुक राहिलं म्हणून फोन करतील. रस्ता असा होता की वाचलेले तीन किलोमीटर खालीवर होण्यात गेले. वाडी दिसू लागली, पहिलं घर आलं, आणि त्या घरातून एक बाई डोक्यावर डबा घेऊन धावत बाहेर आली. दुसऱ्या घरातून दुसरी आली. तिसऱ्यातून दोन आल्या. मी वेग वाढवला तसा त्यांनीही वाढवला. आरशात पाहिलं तर माझ्यामागे डब्यांची मिरवणूक. माझ्या मनात नाना शंका येऊन गेल्या. त्यातली एकही सत्कारापर्यंत पोचत नव्हती.

चावडीपुढं रस्ताच संपला. थांबावंच लागलं. बायका भोवती जमल्या आणि माझ्याकडे न पाहता माझ्यामागे पाहू लागल्या.

"गिरणी कुठं हाय?" सगळ्यांत पुढच्या म्हातारीनं विचारलं. तिचं नाव सोजरबाई.

"कसली गिरणी?"

"आता वाजून राहिली होती की!"

तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या शेडमधून लुंगी सावरत एक उंच, वाकलेला माणूस आला. गिरणीवाले रशीदचाचा. त्यांनी सायलेन्सरवरचा डबा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आगं बायांनो, इंजिन न्हाई ते. फटफटी हाय."

उलगडा असा झाला. वाडीत वीज नीट येण्याआधी चाचांची गिरणी डिझेलच्या इंजिनावर चालायची. इंजिनाच्या धुराड्यावर ते एक पत्र्याचं टोपण उलटं टाकत. ते पुक्-पुक् वाजलं की शिवारभर कळायचं, दळण सुरू झालं. पुढं विजेची मोटार आली, इंजिन गेलं, आवाज गेला. पण बायकांच्या कानात तो राहिला होता. आठ दिवसांपूर्वी डीपी (वाडीला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) जळाली होती. गिरणी बंद. बाहेर पुक्-पुक् ऐकू आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चाचांनी येळवशीसाठी जुनं इंजिन काढलं.

"अहमदपूरला का नाही नेत दळण?" मी शहाणपणा केला.

"गेला की टेम्पो सकाळी," एक तरणी बाई म्हणाली. "तिथं येळवशीची ही रांग. नंबर उद्या दुपारी म्हनं."

"मग उद्या दुपारी..."

सोजरबाईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी एकदम चौथीत गेलो. "मास्तर दिसतोस. येवढं बी ठाव न्हाई? आज पीठ कालवलं तर उद्या आंबील आंबंल. उद्याच्या पिठानं काय परवाला येळवस करायची? आन् उंडे कशाचे करावं, मातीचे?"

आंबील म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पातळ पेय. येळवशीला रानात पहिला मान तिचा. उंडे म्हणजे बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे. पीठ नाही तर दोन्ही नाही. बायकांनी डबे पुन्हा डोक्यावर घेतले. सोजरबाई जाता जाता थबकली, म्हशीच्या टाकीवर थाप मारून म्हणाली, "आवाज गिरणीचा आन् दळण न्हाई. मग कशाला वाजवून राहिलास, बाबा?"

हे मला लागलं. तीस वर्षं वर्गात मी फक्त वाजवतच होतो, असं काही विद्यार्थ्यांचं मत आहे, आणि ते मतही माझ्यापर्यंत पोचलेलं आहे. मी मागचापुढचा विचार न करता म्हणालो, "दळण नाही कसं? ही गिरणी ओढेल. सहज ओढेल."

माझं वाक्य संपायच्या आत रशीदचाचांच्या हातात पाना होता.

पुढचा अर्धा तास मी नुसता पाहत होतो. चाचांनी म्हैस शेडच्या दारात स्टँडवर चढवली, पुढचं चाक खांबाला बांधलं. मागच्या चाकाचा टायर-ट्यूब काढून ठेवला आणि उघड्या रिमवर गिरणीचा पट्टा चढवला. "पूर्वी जीपवर बी चालवली हाय आपण," ते म्हणाले. वाडीतला एकुलता ट्रॅक्टर उसाला गेला होता, त्याच्या मालकाच्या घरून डिझेलचा कॅन आणला आणि झाकणाला हात घातला. हात तिथंच थांबला.

"हे काय, मास्तर?"

"दोरा. बायकोनं बांधलाय. उघडायचा नाही."

बायका अशा हसल्या की एकीला डबा खाली ठेवावा लागला. "टाकीवर बांधला? नवऱ्यावर भरवसा न्हाई म्हनून का?" मग मी सगळं सांगितलं. दिगंबर, दोन लिटर, भंगार. सोजरबाई दोऱ्याजवळ वाकली. बोटानं सूत चाचपलं.

"वडाचा हाय का रे ह्यो?"

"वडाचाच," मी म्हणालो.

तिनं डिझेलचा कॅन पायानं मागे सारला. "चाचा, हात लावायचा न्हाई. वडाचा दोरा हाय तिचा. तोडायचा न्हाई." एकाही बाईनं वाद घातला नाही. पीठ हवं होतं प्रत्येकीला, पण परक्या बाईच्या वडाच्या दोऱ्याला सुरी लावायला कुणी तयार नव्हती. "आन् आतलं तेल जाळलं तर ह्याची गाडी जाती. उचला गं डबे. पट्टा काढा, चाचा."

चाचा पट्ट्याला हात घालणार, एवढ्यात मी "थांबा" म्हणालो.

इथं माझ्या मनाचा मोठेपणा उफाळून आला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण खरं कारण लाजिरवाणं आहे. मी हिशेब केला होता, आणि तो विज्ञानाच्या शिक्षकाचा हिशेब होता. गाडी धावते तेव्हा तेल जळतं. इथं तर गाडी जागची हलणारच नाही. अंतर शून्य. मग जळून जळून किती जळेल? कपभर! ज्यानं तीस वर्षं फळ्यावर 'ऊर्जा निर्माण होत नाही' असं लिहिलं, तो माणूस भर दुपारी गिरणीपुढं उभा राहून असा विचार करत होता. मंगल म्हणते, तुम्हाला सगळं माहीत होतं. मी म्हणतो, नव्हतं. आमच्यात हा वाद अजून चालू आहे.

"तीन डबे दळा," मी म्हणालो. "तेवढ्यानं काही होत नाही."

किक मारली. पट्टा फडफडला, घसरला, मग धरला. जातं फिरू लागलं. पुक्, पुक्, पुक्. चाचांनी ज्वारी ओतली, खाली हात धरला, चिमटीत पीठ चोळून पाहिलं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "बारीक! एकदम बारीक!"

तीन डब्यांचं काय झालं विचारू नका. तो आवाज शेजारच्या दोन वस्त्यांनाही ऐकू गेला. बांधाबांधानं डबे येत राहिले. नाही कुणाला म्हणायचं? एकीनं तर पोरगं काखेत आणि बाजरी डोक्यावर आणली होती. जागेवर उभ्या गाडीला वारा लागेना, इंजिन तापू लागलं, तर सोजरबाईनं दोघींना सुपं घेऊन बसवलं. त्या म्हशीला सुपानं वारा घालत होत्या. मंगलच्या सात गाठी टाकीवर थरथरत होत्या आणि मी पिठानं पांढरा होऊन दारात उभा होतो. प्रत्येक डब्याबरोबर टाकीतला आवाज पोकळ होत चालला, तसा माझा सिद्धांतही पोकळ होत चालला. अकराव्या डब्याला मी डोळे मिटले.

शेवटी चाचांनी टायर बसवला. निघताना मी काही घेणार नाही म्हणालो. सोजरबाईनं ऐकलं नाही. दळणातलं थोडं पीठ गिरणीला ठेवायची जुनी रीत. "गिरणी तू, मग गिरणीचं तुझं," म्हणत तिनं एक ओंजळ माझ्या रुमालात टाकली. मागोमाग प्रत्येकीनं टाकली. चार-पाच किलोंचं गाठोडं झालं. चाचांनी माझा नंबर एका विटेवर कोळशानं लिहून घेतला, मी त्यांचा माझ्या फोनात घेतला.

अहमदपूरला थांबून गरम भजी खाल्ली आणि टाकी हलवून पाहिली. आत जे हललं त्याला 'डिझेल' म्हणणं धाडसाचं होतं. शिरूर ताजबंदला मी देवाचं नाव घेतलं. चाकूरला सगळ्या देवांचं. चाकूर सोडून सात-आठ किलोमीटर झाले असतील. पुक्, पुक्, पु, आणि शांतता. लातूर अजून तीस किलोमीटर.

ढकलायला लागलो. कडेनं ऊस जात होता. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं थांबून विचारलं, "काय झालं, काका? पेट्रोल संपलं?"

"डिझेल," मी म्हणालो.

तो खाली उतरून म्हशीकडे बघत राहिला. मग मोळ्या बांधायचा दोर काढून त्यानं मला मागे बांधून घेतलं. असा मी उसाच्या पाल्याचा मार तोंडावर खात, ट्रॅक्टरचा धूर गिळत, सूर्य मावळता मावळता औसा रोडला पोचलो.

दिगंबर दारातच उभा होता. स्कूटरला टेकून. त्याची स्कूटर हसत नाही, पण मला तशी वाटली.

"या दाजी! आवाज आला न्हाई म्हनून म्हटलं, नवी घेतली का काय विजेची!"

मंगल बाहेर आली. तिनं गाठी मोजल्या. सात. तिनं दोरा सोडला, झाकण उघडलं, आत पाहिलं, दिगंबरला दाखवलं. आत वासही नव्हता.

"कुठं बंद पडली?" तिनं विचारलं.

"चाकूरच्या पुढं."

"मग हरलात."

"हरलो."

"पन एवढं तेल गेलं कुठं, दाजी?" दिगंबरला राहवेना. "लिटरला सत्तर म्हनत होता न्हवं?"

मी वारा उलटा होता म्हणालो. मग चढ होता म्हणालो. मग तेलच पातळ होतं म्हणालो. खरं सांगितलं असतं तर ते या तिन्हींपेक्षा मोठं खोटं वाटलं असतं. दिगंबर समाधानानं आत गेला आणि भंगारवाल्याला फोन लावू लागला. मंगल मात्र माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या भुवया पांढऱ्या होत्या, कानात पीठ होतं. तिनं पदरानं माझा कान पुसला, बोट चाटलं आणि म्हणाली, "ज्वारी." मग कॅरियरचं गाठोडं सोडवून घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. रात्री मी तिला सगळं सांगितलं. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर मला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी दिगंबरच्या रानात कडब्याची खोप घातली होती. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, त्यांची पूजा झाली. मग पंगत. आंबील, उंडे, वाल-तुरीच्या शेंगांची घट्ट भज्जी, आणि मंगलनं केलेल्या ज्वारीच्या भाकरी. दिगंबरनं पहिली भाकर संपवली, दुसरी घेतली.

"अक्का, पीठ कुठलं गं? लई गोड लागून राहिलं. आमच्या चक्कीचं असं येत न्हाई."

"खा," मंगल म्हणाली. "आणखी घे."

तिसरी संपल्यावर ती म्हणाली, "दिगू, किती झाल्या?"

"तीन."

"म्हणजे म्हैस बंद पडली तिथून आष्टा मोडापर्यंत आलास. अजून तीन खाल्ल्यास की लातूर येईल."

दिगंबरचा घास हातातच राहिला. मग तिनं पंगतीला सगळी गोष्ट सांगितली. माझ्यापेक्षा फार चांगली सांगितली. शून्य अंतराचा सिद्धांत तर तिनं दोनदा सांगितला. पंगत हसून हसून आडवी झाली. सगळ्यात शेवटी दिगंबर हसला, पण मग थांबेना.

"जाऊ दे, दाजी," तो डोळे पुसत म्हणाला. "कागदांचं बघतो मी. रद्द करा पैज."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंगल म्हणाली, "नाही. हरले ते हरले. पंच मी आहे. गाडी जायची."

मला तिचा असा राग आला की सांगता येत नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. रशीदचाचा. डीपी आज बसवून गेले म्हणाले, पण लाईट दिवसातून चार तास, तीही बिनवेळी. "म्हैस द्यायची म्हनत असाल तर आधी मला सांगा, मास्तर." मी मंगलकडे पाहिलं. ती भज्जी वाढत होती आणि माझ्याकडे मुद्दाम पाहत नव्हती. पहाटे माझा फोन तिच्याजवळ होता, हे मला तेव्हा आठवलं.

चार दिवसांनी दिगंबरनंच टाकी भरून दिली. मंगल लातूरलाच राहिली. मी एकटा म्हशीवर वाडीला गेलो. या वेळी कुणी डबा घेऊन धावलं नाही. सगळे आधीच येऊन बसले होते. चाचांनी शेडमध्ये सिमेंटचा चौथरा केला होता. म्हैस त्यावर चढवली, पट्टा घातला. सोजरबाईनं हळद-कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "आता वाजव म्हनावं हिला हवं तेवढं."

हेल्मेट हातात घेऊन मी चालत फाट्यावर आलो. मागून आवाज सुरू झाला. पुक्, पुक्, पुक्. तीस वर्षं मी पोरांना सांगितलं की कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीव जमिनीखाली दबले आणि त्यांचं तेल झालं. पुढं त्या तेलाचं काय होतं, हे मला 'वाहने व कारखाने' या दोन शब्दांत सांगून मोकळं होता येई. आता कुणी विचारलं तर जरा वेळ लागेल. सूप आणावं लागेल, आंबील कधी लावतात ते सांगावं लागेल.

फाट्यावर एक बाई डबा घेऊन बसमधून उतरली. कान देऊन ऐकू लागली. "गिरणी चालू हाय वाटतं?"

"हाव," मी म्हणालो. "चालू हाय."

ती झपझप गेली. मी त्याच बसमध्ये चढलो. कंडक्टरनं माझ्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, एसटीत हेल्मेट? आमच्यावर येवढा बी भरवसा न्हाई?"

मी नांदेडचं तिकीट मागितलं आणि खिडकीची काच उघडी ठेवली. माळाकोळीचं वळण येईपर्यंत आवाज येत होता. माझीच गाडी मला सोडायला कधी इतक्या लांब आली नव्हती.